हासूबायचं पागोटं

फार वर्षांपूर्वी, आज खाडीत जिथे तिवरांचं रान माजलंय तिथे माणसं भात झोडत होती त्या काळात, शेवरखार नावाचं गाव होतं. होतं म्हणजे अजून आहे, जागचं हललेलं नाही. एका अंगाला डोंगर, एका अंगाला खाडी, आणि मधे भाताची शेतं. ती शेतं भरतीच्या पाण्याहून खाली आहेत. हे सांगितलं की बाहेरगावचा माणूस हसतो. पाण्याच्या खाली शेती कोण करतं म्हणून विचारतो. शेवरखारवाले करतात. खाडीच्या कडेने त्यांनी चिखलाचा लांबच लांब बांध घातलाय, आणि त्या बांधाच्या जिवावर ते अंगणात पाय पसरून बसतात.

बांध फुटला तर मात्र बसायची सोय राहत नाही. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की ते वर्ष तर जातंच, पण पुढचे दोन-तीन पावसाळे जमीन धुऊन निघेपर्यंत गवतसुद्धा रडत रडत उगवतं.

या बांधाला एक लाकडी दार होतं. त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला ते उघडायचं, म्हणजे शेतात साठलेलं पावसाचं पाणी खाडीत निघून जातं. भरती यायच्या आत लावून घ्यायचं. हे काम हासूबाय करायची. ते तिला कुणी नेमून दिलेलं नव्हतं. तिचं शेत उघाडीला लागून होतं, गावातलं सगळ्यात खोलगट, आणि बांधाला काही झालं की पहिलं पाणी तिच्याच शेतात यायचं. लग्न होऊन ती या गावात आली त्या वर्षी खाऱ्या पाण्याने तिचं पीक नेलं होतं. पुढे जमीन जरा सुधारली आणि पुन्हा नेलं. तेव्हापासून हासूबायला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. आपल्या शेतातला लालबुंद राता तांदूळ आपल्या चुलीवर शिजताना बघायचा.

हासूबाय बुटकी होती, रुंद होती, आणि हसायची तेव्हा खाडीच्या पलीकडचे बगळे उडायचे, असं म्हणतात. तिचा नवरा पोशा हा अगदी भला माणूस. घरात त्याचं कुणी ऐकत नसे आणि त्याला त्याचं काही वाटतही नसे.

आता बांध कुणाचा, असं त्या काळी विचारलं असतं, तर उत्तर आलं असतं, खोतांचा. खोत राहायचे वर डोंगरावर, जिथे खारं पाणी सात जन्मांत पोचायचं नाही. आवजी खोत त्यांचं नाव. ते म्हणत, बांध माझा, तो मी सांभाळतो, म्हणून पिकलेल्या भातातलं अर्धं माझं. या अर्ध्या वाट्याला अर्धेल म्हणत. खोत बांध सांभाळत म्हणजे काय, तर आपल्या हुकमाशिवाय बांधाला कुणी हात लावायचा नाही, असा त्यांनी हुकूम काढला होता. बांधाला भोक पडलं की माणसाने डोंगर चढायचा, खोतांची झोप व्हायची वाट बघायची, हुकूम घ्यायचा आणि खाली यायचं. तोवर भोकाची खांड झालेली असायची, म्हणजे बांध असा फाटलेला की होडी आत यावी.

गावाने बरेचदा ठरवलं की हे खोतांना नीट सांगायला पाहिजे. पण सगळे कसे जाणार? म्हणून गावाने आपल्यातला एक बोलका माणूस निवडला, चांगो त्याचं नाव. चांगो बोलायला लागला की भांडणारी माणसं भांडण विसरून ऐकत राहायची. चांगो वर गेला. खोतांनी त्याला झोपाळ्यावर बसवलं, पुरणपोळी वाढली, जेवण झाल्यावर विडा दिला आणि स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्याला जरीच्या काठाचं पागोटं बांधलं. चांगो खाली आला तो सावकाश चालत. म्हणाला, "खोतांची बाजू पन आयकाला पायजे. त्यांना पन लय व्याप हाय."

गाव चिडलं. मग जोमाला पाठवलं. जोमा फटकळ होता, तो कुणाच्या बापाला भिणारा नव्हता. तोही झोपाळ्यावर बसला, तोही पुरणपोळी जेवला, आणि पागोटं बांधून खाली आला तेव्हा गावाला म्हणाला, जरा दम धरा. असे आणखी एकदोघे जाऊन आले. गावात पागोटी वाढत गेली आणि बांधाची भोकंही वाढत गेली.

"जाताना मानूस आमचा आसतं," हासूबाय म्हणायची, "येताना त्यांचा व्हतं. त्या झोपाल्यालाच काय तरी लावलेला आसल." आणि हसायची. पण घरी जाऊन आपल्या शेताकडे बघितलं की तिचं हसू मावळायचं.

मग ती आषाढातली अमावस्या आली. आमच्या किनाऱ्यावर अमावस्येचं उधाण भर दुपारी येतं, त्यात वरून पाऊस. भात लावून झालेलं, रोपं नुकती धरलेली. हासूबाय उघाडी लावून बांधावरून परत निघाली आणि तिला आतल्या अंगाला खेकड्याच्या बिळातून पाणी उकळल्यासारखं वर येताना दिसलं. पाणी तिने बोटाने चाखलं. खारं होतं.

आता रीतीप्रमाणे कुणीतरी डोंगर चढायला हवा होता. हासूबायने डोंगराकडे बघितलं, खाडीकडे बघितलं, आपल्या शेताकडे बघितलं, आणि जाऊन सरळ त्या बिळावर बसली. मघाशी सांगितलं ना, ती रुंद होती. खाडी खालून ढकलत होती आणि हासूबाय वरून हलत नव्हती. तिथे बसून तिने अशी हाळी दिली की भात लावून दमलेलं अख्खं गाव घरांतून बाहेर आलं.

"पोशा, चिखल आन. जोमा, पेंढा आन. चांगो, तुझा पागोटा ठेव बाजूला नि तिवराच्या फांद्या तोड. उबा काय ऱ्हायलास?"

आणि काय आश्चर्य, सगळे कामाला लागले. कुणी विचारलं नाही की तू सांगणारी कोण. ते विचारायला वेळच नव्हता. खोतांचा माणूस छत्री घेऊन धावत आला आणि ओरडला, "कोणाच्या हुकमाने बांधाला हात लावलात?"

चिखलात बसूनच हासूबाय म्हणाली, "पान्याचे हुकमान."

भोक बुजलं. उधाण उतरलं. हासूबाय उठली, लुगडं पिळलं आणि सुकटीचं कालवण टाकायला घरी गेली. तिने कुणाला आणखी एक शब्द सांगितला नाही. दुसऱ्या उधाणाला भोक पोशाने बघितलं. तेव्हा पोशा सांगत होता आणि हासूबाय चिखलाच्या पाट्या वाहत होती. घरात ज्याला आमटीत मीठ किती हे सांगायची मुभा नव्हती, त्या पोशाचं गावाने भोक बुजेपर्यंत ऐकलं. ते बुजल्यावर पोशा आणखी काही सांगायला लागला, तर हासूबाय म्हणाली, "ज्यानं भोक बगला त्यानं सांगाचा. भोक बुजला का सांगना सरला. आता घरी चल."

ही गावाची रीत झाली. तिला कुणी मंजुरी दिली नाही, कुणी शपथ घातली नाही. बांध नीट राहायला लागला, एवढंच. बांधावरून जाणारं प्रत्येक माणूस खाली बघत जायचं, म्हातारी माणसंसुद्धा, कारण आज आपल्याला भोक दिसलं तर आज गाव आपलं ऐकणार. काही जण तर मुद्दाम चकरा मारायचे. त्या दिवसांत शेवरखारच्या खेकड्यांना निवांत बीळ करायची चोरी झाली, असं म्हणतात.

हे खोतांच्या कानावर गेलं. ते स्वतः मेण्यात बसून खाली आले. बांध बघितला, इतका धड त्यांनी कधी बघितला नव्हता. त्यांना राग आला, पण खोत हुशार होते, त्यांनी तो दाखवला नाही. बरोबर नवं कोरं पागोटं आणलं होतं. म्हणाले, "वा. तुमचा पुढारी कोण? त्याला पुढे करा, त्याचा मान करतो."



"आज भोक चांगोचे बायकोनं बगला," कुणीतरी म्हणालं. "आज ती."

"आणि उद्या?"

"उद्याचा भोक उद्या कलल."

खोतांनी पागोटं हातात धरून इकडे बघितलं, तिकडे बघितलं. बांधायला डोकंच सापडेना. शेवटी ते वैतागले, पागोटं उघाडीच्या खांबाला अडकवलं आणि म्हणाले, "डोकं ठरवा, हे त्याच्यावर बांधा आणि मग त्याला माझ्याकडे पाठवा." आणि मेण्यात बसून निघून गेले. पण जाताना ते हसत होते, असं म्हणतात.

आता इथे गावाने जी चूक केली ती चांगल्या मनाने केली. पागोटं खांबावर पावसात भिजत होतं. लोक म्हणाले, आपल्यासाठी एवढं केलं ते हासूबायने, मग हा मान तिचाच. खोतांकडे नाही पाठवायचं तिला, आपल्यातच मान. वाजत-गाजत त्यांनी ते तिच्या डोक्यावर बांधलं. बाईच्या डोक्यावर पागोटं बघून आधी सगळे हसले, मग सगळ्यांना तेच शोभलं. आणि खरं सांगायचं तर हासूबायलाही आवडलं. घरी जाऊन तिने पाण्याच्या हंड्यात डोकावून बघितलं. एकदा बघितलं, मग पुन्हा एकदा बघितलं. पोशाला म्हणाली, "कसा दिसतं?" पोशा म्हणाला, "झ्याक." आयुष्यभर जिला चिखलात उभं राहायचं तिला जरीचा काठ आवडला, तर त्यात तिची काय चूक?

पण दुसऱ्या दिवसापासून लोक तिच्या दारात येऊन बसायला लागले. कोंबडी कुणाची, वाट कुणाची, लग्न कधी करायचं, सगळं हासूबायला विचारायचं. बांधावरून माणसं समोर बघत चालायला लागली. खाली बघायचं कशाला, हासूबाय बघल. भोक दिसलंच तर हाळी द्यायची नाही. आधी तिच्या दारात यायचं, पोशाला सांगायचं, आपली पाळी येईपर्यंत ओसरीवर पान खात बसायचं. हासूबाय धावत जायची, एकटी बांधाच्या या टोकाहून त्या टोकाला, आणि डोळे तिला दोनच होते. हुकमासाठी डोंगर चढायला लागत नव्हता आता, पण डोंगरच गावात येऊन बसला होता, आणि हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. तिच्याही नाही.

भात पोटरीतून बाहेर पडलं. हासूबायच्या खोलगट शेतात त्या वर्षी रातं असं आलं होतं की बांधावरून जाणारा थबकायचा. लोंब्यांना लाली चढत होती. आणखी थोडे दिवस, मग कापणी. हासूबायने चुलीजवळ नवं मडकं आणून ठेवलं होतं.

आश्विनातल्या पौर्णिमेची दुपार, म्हणजे पुन्हा उधाणाची वेळ. हासूबाय ओसरीवर बसून एका कोंबड्याचा निवाडा करत होती. दोन्ही बाजू जोरात होत्या, कोंबडाही जोरात होता. मागे चांगोची बायको उभी होती. मधे बोलणं बरं दिसत नाही म्हणून ती थांबली. कोंबड्याचं मिटलं तेव्हा ती पुढे झाली.

"काय गो?" हासूबायने विचारलं.

"तुला सांगाला आयले व्हते," ती म्हणाली, "उघाडीकडं पानी येतंय. मगासपासून."

हासूबाय ताडकन उठली. तशीच पळत सुटली.

उघाडीच्या बाजूला खांड पडली होती आणि खाडी आत येत होती. पहिलं शेत तिचंच. लोंब्यांवरून गढूळ खारं पाणी चढत होतं, आणि लाल लोंब्या एकेक करून खाली जात होत्या. हासूबाय बांधावर उभी राहिली आणि तिला रडू फुटलं. मागे अख्खं गाव येऊन थांबलं होतं. आणि सगळे जण, लहान-मोठे, जोमा, चांगो, स्वतः पोशा, सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. पाण्याकडे कुणी बघत नव्हतं.

तेव्हा तिला कळलं. तिने डोक्याला हात लावला, पागोटं हाताला लागलं, आणि रडता रडता ती हसायला लागली.

"मेल्यांनो, माझे तोंडाकडं काय बगताव? भोक माझे तोंडाला परलाय काय?"

तिने पागोटं सोडलं. एक टोक पोशाच्या कमरेला बांधलं आणि त्याला खांडीत उतरवलं. पुढचा वेढा जोमाला, पुढचा चांगोच्या बायकोला, पुढचा चांगोला. ज्याची कमर वेढली गेली तो खांडीत उतरून शेजाऱ्याचा हात धरायचा. आता पागोटं ते केवढं असतं? डोक्याला होतं तेवढंच. पण त्या दिवशी ते संपेचना. हासूबाय सोडत गेली आणि कापड येत गेलं. कोंबड्याचं भांडण करणारे दोघे शेजारी शेजारी बांधले गेले. म्हाताऱ्या उतरल्या, लेकुरवाळ्या उतरल्या, खोतांचा छत्रीवाला माणूस मजा बघायला आला होता तोही वेढ्यात सापडला. गावातल्या शेवटच्या माणसाला वेढा बसला, मग हासूबायला, आणि नेमकं तिथे कापड संपलं. खांडीच्या या काठापासून त्या काठापर्यंत शेवरखार गावाचा बांध उभा राहिला. खाडी आली, त्यांच्या छातीवर आपटली, बराच वेळ ढकलत राहिली, आणि मग तिला ओहोटी लागली. त्या दिवशी ओहोटी वेळेआधी लागली, असं म्हणतात. खाडीलासुद्धा कंटाळा येतो.

पाणी उतरताच त्यांनी तिथेच चिखल भरला. पागोटं कमरांवरून सोडलं आणि हासूबायने ते खांडीच्या बुडाशी घालून वर पहिली पाटी टाकली. गावाचं भात वाचलं. तिचं गेलं. नवं मडकं चुलीजवळ तसंच राहिलं. संध्याकाळी चांगोची बायको तिच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मी हाळी द्याला पायजे व्हती."

"नि मी तो पागोटा खांबावरच ठेवाला पायजे व्हता," हासूबाय म्हणाली. "जाऊं दे. पुन्यांदा बगला का वरड."

कापणी झाली आणि खोतांचा सांगावा आला. अर्धेल घेऊन या आणि पागोटेवाल्याला बोलायला पाठवा, जेवायलाच या म्हणावं. गाव बांधावर बसलं. हासूबाय म्हणाली, जेवाला बोलावलंय, तर जाऊं या की.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं शेवरखार डोंगर चढलं. तान्ही पोरं कडेवर, आजारी माणसं डोलीत, कुत्री मागोमाग. खोतांच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. झोपाळ्यावर इतकी माणसं बसली की कड्या उपटून झोपाळा खाली आला, तेव्हापासून तो कुणाच्या कामाचा राहिला नाही.

"अरे, एकाने बोला," खोत कावून म्हणाले.

मग एकेक जण एकेक शब्द बोलला. "बांध," पोशा म्हणाला. "आमी," जोमा म्हणाला. "घालतांव," चांगो म्हणाला. "भात," त्याची बायको म्हणाली. "आमी." "लावतांव." "आता." "अर्धेल." शेवटचा शब्द एका आजीच्या वाट्याला आला. तिला दात नव्हते, पण तिने तो सगळ्यांत स्पष्ट उच्चारला. "नाय."

शब्द संपले पण माणसं उरली होती, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. फेरा अंगणभर फिरला, ओटीवर गेला, मागच्या दाराने फिरून आला. खोत ज्याच्याकडे वळायचे त्याच्याजवळ एकच शब्द असायचा, आणि एका शब्दाला पागोटं कसं बांधणार? पुढे पुढे स्वयंपाकघरातून खोतांचा आचारीसुद्धा आपला शब्द बोलून गेला, असं म्हणतात. दिवस कलायला लागला तेव्हा खोत डोकं धरून म्हणाले, "नको मला अर्धेल. जा एकदाचे."

"जेवन?" पोशाने विचारलं.

जेवण झाल्यावरच ते खाली आले. त्या वर्षी प्रत्येक घराने आपल्या भातातलं मापटंभर हासूबायच्या मडक्यात टाकलं. तिच्या शेतातलं नव्हतं ते. पण शिजलं तेव्हा त्याला जो वास आला तो तिने त्याआधी कधी घेतला नव्हता, आणि त्या दिवशी ती पोटभर जेवली. पुढे काही पावसाळ्यांनी तिच्याही शेतात रातं पिकलं. तेही तिने खाल्लं. ती म्हणायची, बरं लागतं, पण त्या दिवसासारखं नाही.

हासूबाय खूप म्हातारी होऊन गेली. जायच्या आधी लोक तिला म्हणाले, उघाडीजवळ तुझं देऊळ बांधू. ती म्हणाली, देवलान मना बसवाल, नि मंग बांध कोन बगल? म्हणून शेवरखारात तिचं देऊळ नाही, पुतळा नाही, तसबीरही नाही.

पण आषाढातल्या अमावस्येला, भर दुपारी, उधाण चढत असताना अख्खं गाव बांधावर जमतं. आता गावाला सरपंच आहे, कारण सरकारला कागदावर एक नाव लागतं. त्या दिवशी चिखलाची पहिली पाटी सरपंचाच्या डोक्यावर असते. मग एक नवं पागोटं येतं. ते एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जातं. ज्याच्या डोक्यावर ते येईल त्याने त्या जुन्या वाक्यातला आपला एक शब्द म्हणायचा आणि लगेच पुढे द्यायचं. जास्त वेळ ठेवलं तर शेजारी ढोसतो. शेवटचा माणूस ते उघाडीजवळच्या चिखलात पुरतो. नंतर सगळे हात धरून बांधावर रांग धरतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि रांगेत मधेच कुठेतरी एका माणसाची जागा मोकळी सोडतात. ती हासूबायची.

कुठे सोडायची हे आधी ठरत नाही. ती मोकळी जागा ज्याला पहिली दिसेल त्याने हाळी द्यायची, मग बाकीच्यांनी त्याचं ऐकायचं.

गेल्या आषाढात गावात एक नवी सून आली होती, घाटावरची. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. रांगेत उभी राहिली आणि पलीकडे बघते तो काय, दोन माणसांच्या मधे हात सुटलेले आणि मागे खाडीचं पाणी चढतंय. ती खरोखरच घाबरली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "अहो, तिकडं भोक पडलंय, बघताय काय, सरका की!"

सासरे सरकले, सरपंच सरकला, सगळं गाव सरकलं, आणि जागा भरली. पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. ती तेवढ्यापुरती गावाची मोठी होती. मग हात सुटले आणि ती सासूबरोबर सुकटीचं कालवण टाकायला घरी गेली.